शेजारणीची थायरॉईडची गोळी

“मला थायरॉईड आहे” असे सांगणाऱ्या बायाबापड्या आपल्या वस्तीत गल्लीगल्लीत भेटतात. खरे तर थायरॉईड हा आजार नव्हे. गळ्यात पुढे, कंठमण्याच्या खाली असलेली ती ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकाला असते. ती मंदावली तर एक आजार होतो, जास्त काम करू लागली तर दुसरा, पहिल्याच्या अगदी उलट. मंदावलेल्या ग्रंथीचे रुग्ण जास्त, म्हणून त्याचीच चर्चा होते. आम्ही आज दुसऱ्याबद्दल लिहीत आहोत.

आमच्या गल्लीतली एक ताई, घरकामाला जाणारी, चार महिन्यांत अंगाने पार उतरली. भूक मात्र दुप्पट. हात थरथरायचे, थंडीतही घाम, छातीत धडधड, रात्रभर झोप नाही, मुलांवर चिडचिड. घरच्यांना टीबीची शंका आली. बेडका तपासला, काही निघाले नाही. मग कोणी म्हणाले टेन्शन, कोणी म्हणाले बाहेरचे. शेवटी शेजारणीने मायेने आपल्याच थायरॉईडच्या गोळ्या दिल्या. त्या मंदावलेल्या ग्रंथीच्या! पंधरा दिवसांत धडधड एवढी वाढली की मध्यरात्री रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले.

अशी लक्षणे दिसली तर वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना नाडी मोजायला सांगा. स्वस्थ बसलेले असतानाही ती मिनिटाला 100 च्या वर जात असेल तर रक्ताची तपासणी हवीच. या आजारात टी.एस.एच. खाली जाते आणि टी-3, टी-4 वाढतात. रिपोर्टात ‘कमी’ दिसले म्हणजे बरे आहे, असा समज करून घेऊ नका. धडधड कमी करणारी गोळी इथलेच डॉक्टर देऊ शकतात. दमा असेल तर मात्र आधी सांगा. पुढे मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या, कारण ग्रंथी का भडकली ते तिथे शोधतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी ती सुजून भडकते आणि बहुतेक वेळा आपोआप शांत होते. तिथे औषध वेगळे.

नेहमीचे औषध कार्बिमाझोल. ते बहुधा 12 ते 18 महिने चालते. दोन महिन्यांत बरे वाटते, आणि तिथेच आपली माणसे गोळी सोडतात. मग आजार उलटतो. एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी: ही गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित या गोळीने त्या पेशी एकदम घटतात, आणि ते जिवावर बेतू शकते. दिवस राहिले असतील किंवा राहावे असे मनात असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. गर्भासाठी गोळी बदलावी लागते. डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील तर बिडी-सिगारेट बंदच. तिने डोळे आणखी बिघडतात.

खूप ताप, उलट्या, बरळणे आणि नाडीचा वेग, हे एकत्र आले तर चिठ्ठीची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

त्या ताईचे वजन आता भरून आले आहे. तपासणीला ती खाडा करून जाते. एका घरी त्याचेही पैसे कापले. तरी ती जाते.