पाच सेंटची कॉफी

हॉटेलात शिरताना खिसा हलका असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मला विचाराल तर बिलाची नव्हे, वेटरच्या नजरेची. ही नजरच काढून टाकणारी उपाहारगृहं एके काळी अमेरिकेत होती. त्यांना ऑटोमॅट म्हणत.

कल्पना मूळची जर्मनीची. बर्लिनमध्ये १८९५ साली असं उपाहारगृह निघालं होतं. जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट या भागीदारांनी तिथून यंत्रं मागवून १९०२ मध्ये फिलाडेल्फियात ऑटोमॅट थाटलं, मग १९१२ मध्ये न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरपाशीही.

आत भिंतभर काचेच्या दारांचे छोटे कप्पे. एकात सँडविच, दुसऱ्यात शिजवलेल्या बीन्सची वाटी, तिसऱ्यात फळांचा पाय. फटीत निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, की दार उघडलंच! मोड द्यायला काचेच्या खोलीत बाई बसलेली. बोटांच्या अंदाजानंच ती नाणी भराभर सरकवायची. डॉल्फिनच्या तोंडाच्या नळातून बेतानं एक कप कॉफी पडायची. गंमत म्हणजे यात आपोआप काहीच नव्हतं. भिंतीमागे माणसं उभी राहून रिकामे कप्पे भरत होती, एवढंच की ती दिसत नव्हती.

महामंदीत याचं मोल कळलं. बेकार माणसं फुकटच्या गरम पाण्यात टेबलावरचं केचप कालवून सूप करून पीत. शेजारच्या खुर्चीवर कोटवाला साहेब बसलेला असला तरी चालायचं.

मग बिघडलं कुठे? निकेलमध्येच. महागाई पैशापैशानं वाढते. फटीत जाणारं नाणं मात्र ठरलेलं. पाच सेंटची कॉफी १९५० मध्ये एकदम दहा सेंटची करावी लागली आणि जुनी गिऱ्हाइकं दुखावली. पुढे मध्यमवर्ग उपनगरांत राहायला गेला, संध्याकाळची गर्दी ओसरली. एका जेवणासाठी मूठभर नाणी कोण मोजत बसणार? तोवर बर्गरची दुकानं आली होती. १९७० च्या दशकात कंपनीनं आपल्याच काही जागांवर बर्गर किंग उघडले.

न्यूयॉर्कमधलं शेवटचं ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झालं. फिलाडेल्फियातल्या त्या पहिल्या भिंतीचा एक तुकडा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं जपला आहे. हॉलंडमध्ये मात्र फेबो नावाच्या दुकानांतल्या भिंतीवरच्या कप्प्यांतून लोक आजही गरमागरम क्रोकेट काढून खातात.