राजापूर लोकसभा मतदारसंघ

राजापूर हा महाराष्ट्रातील एक भूतपूर्व लोकसभा मतदारसंघ होय. १९५७ ते २००४ या काळात येथे तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि २००८ च्या पुनर्रचनेत तो विसर्जित करण्यात आला. नाव रत्नागिरी जिल्ह्यातील गावाचे असले, तरी त्याचा मोठा भाग तळकोकणात, म्हणजे १९८१ साली वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात होता. अखेरच्या काळात लांजा, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी हे विधानसभा मतदारसंघ त्यात मोडत.

तेरा निवडणुकांत येथून अवघे चार खासदार निवडून गेले. पहिले बॅरिस्टर नाथ पै (प्रजासमाजवादी पक्ष, १९५७, १९६२, १९६७). गोलकनाथ निकालानंतर मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खासगी विधेयक त्यांनी मांडले होते. ते संमत झाले नाही. मात्र त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती १९७१ च्या अखेरीस झाली. ती पाहण्यास नाथ पै हयात नव्हते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे त्यांचे निधन झाले होते.

त्यानंतर मधु दंडवते सलग पाच वेळा विजयी झाले. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही त्यांनी ही जागा राखली. ते रेल्वेमंत्री (१९७७–७९) व पुढे अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वेच्या पाठपुराव्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्या प्रकल्पासाठी १९९० साली महामंडळ स्थापन झाले, पण पुढच्याच वर्षी दंडवते पराभूत झाले. १९९१ चे विजेते सुधीर सावंत हे काँग्रेसचे येथील एकमेव खासदार ठरले. १९९६ पासून चारही निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. तेही पुढे रेल्वेमंत्री झाले, परंतु तोवर हा मतदारसंघ उरला नव्हता.

विसर्जनाचे कारण राजकीय नसून लोकसंख्येचे होते. १९७६ पासून गोठवलेल्या सीमा २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने आखताना राज्याच्या जागा ४८ च राहिल्या. म्हणजे एका जागेमागे सुमारे वीस लाख लोक. रत्नागिरी (सुमारे १७ लाख) व सिंधुदुर्ग (सुमारे ८.७ लाख) मिळून सव्वा जागेपुरतीच लोकसंख्या भरत होती. मनिऑर्डरवर चालणाऱ्या या प्रदेशातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-ठाण्याकडे जात राहिले, आणि माणसांपाठोपाठ जागाही तिकडे गेल्या: ठाणे जिल्ह्यात दोनांचे चार मतदारसंघ झाले. चाकरमानी गणपतीला गावी येत असला, तरी जनगणनेत तो मुंबईकरच मोजला जातो.

दापोली व गुहागर रायगड मतदारसंघास जोडून उर्वरित प्रदेशाचा रत्नागिरी–सिंधुदुर्ग हा मतदारसंघ बनविण्यात आला. २००९ साली तेथील पहिल्या निवडणुकीत प्रभूंचा काँग्रेसचे नीलेश राणे यांच्याकडून पराभव झाला. राजापूर हे नाव आता विधानसभा मतदारसंघापुरते उरले आहे.