अवयव निघण्याआधीचे तास

चिपळूणहून मुंबई महामार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटर. पूर्वेला कराड गाठायचे तर कुंभार्ली घाट आहेच, आणि पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की सगळाच हिशेब कोलमडतो. प्रत्यारोपणासाठी काढून बर्फात ठेवलेल्या फुप्फुसाला साधारण सहा ते आठ तासांचीच मुदत असते. टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिदच्या डॉक्टरांनी 2023 साली दाखवले, की 10 अंशांवर ठेवलेले फुप्फुस रात्रभर थांबू शकते. पण थांबवायचे ते मुळात धड हवे.

थंड पडलेल्या फुप्फुसात रक्त पुन्हा सोडले की खरी इजा सुरू होते. पेशींत प्राणवायूचे विध्वंसक रेणू उसळतात, केशवाहिन्यांची अस्तरे झिरपू लागतात, वायुकोशांत पाणी भरते. पहिल्या 72 तासांत उद्भवणारा हा बिघाड प्रत्यारोपणानंतरच्या सुरुवातीच्या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे.

मग पेशींना आधीच सावध करता येईल का? 1986 साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी चार वेळा पाच-पाच मिनिटे बंद करून सोडली आणि मग सलग 40 मिनिटे बंद ठेवली. हृदयाचा मेलेला भाग एरवीच्या चौथाईवर आला. छोट्या झळीने पेशी मोठ्या झळीला तयार झाल्या होत्या. तेव्हापासून हीच तयारी औषधाने करवून घेण्याचा शोध चालू आहे.

उंदरांत गुणकारी ठरलेल्या औषधांची यादी लांब आहे. माणसांत ती झपाट्याने आखूड होते. मेंदूमृत दात्याला मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, फुप्फुस धुण्याआधी प्रोस्टाग्लँडिन देतात. दोन्हींमागे अनुभव अधिक, भक्कम चाचण्या कमी. थायरॉईडच्या औषधाची मोठी चाचणी 2023 मध्ये झाली. त्या औषधाने दात्यांची हृदये काही जास्त कामी आली नाहीत.

सर्वांत ठसठशीत फरक पडला तो औषधाविना. युरोपातल्या 118 दात्यांवरचा अभ्यास 2010 साली आला. एका गटाला व्हेंटिलेटरवर नेहमीप्रमाणे प्रत्येक किलोमागे 10 ते 12 मिलिलिटर श्वास दिला, दुसऱ्याला फक्त 6 ते 8, आणि श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा जास्त दाब राखला. सहा तासांनी पहिल्या गटातले 54 टक्के दाते फुप्फुसदानाच्या निकषांत बसले, दुसऱ्यातले 95 टक्के. आपल्याकडे अवयवदानाच्या प्रचारात संमतीबद्दल खूप बोलले जाते, या आकड्यांबद्दल फारसे नाही.

मग हे उपाय कधीपासून करायचे? आपल्या नियमांनुसार चार डॉक्टरांचे मंडळ मेंदूमृत्यूची तपासणी दोनदा करते, मध्ये किमान सहा तास जाऊ देते. त्या अवधीत माणूस कायद्याने अजून रुग्णच असतो. दुसऱ्या कुणाच्या भल्यासाठी त्याला प्रायोगिक औषध टोचणे मला मान्य नाही. हळुवार श्वासाबाबत हा पेच येत नाही, तो त्याच्याही फुप्फुसांच्या हिताचा असतो.

प्रत्यारोपण न करता केवळ अवयव काढून देणाऱ्या रुग्णालयांच्या नोंदणीची वाट 2011 च्या कायदादुरुस्तीने मोकळी केली. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या अतिदक्षता विभागातल्या भूलतज्ज्ञाला आणि सिस्टरला 6 ते 8 मिलिलिटर हा आकडा लावायला नवे यंत्र लागत नाही.