कुत्र्याची नखे आणि त्यांतली जिव्हाळी

आमच्या पंचवटीत शूर्पणखेची कथा लहान पोरालाही ठाऊक असते. शूर्प म्हणजे सूप. सुपासारखी नखे जिची ती शूर्पणखा. लक्ष्मणाने तिचे नाक कापले आणि त्यावरून नाशिकला नाव मिळाले, असे लोक सांगतात. नखांना मात्र कुणी हात लावल्याचे ऐकिवात नाही! आपल्या दारच्या कुत्र्याचेही तसेच होते. त्याला भाकरी मिळते, पट्टा मिळतो, हौशी घरात नावही मिळते; नखांकडे कुणी पाहत नाही.

“पाहायचे काय त्यात? झिजतात आपोआप,” असे कुणी म्हणेल. हे निम्मे खरे आहे. मांजर आपली नखे आत ओढून घेते, कुत्र्याला ते साधत नाही. म्हणून चालताना त्याची नखे जमिनीला घासतात. रामकुंडाच्या घाटावर दिवसभर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे दगडावर झिजत राहतात. पण मळ्यात साखळीला बांधलेल्या, मऊ मातीत बसून राहणाऱ्या कुत्र्याची कशी झिजावीत? फरशीवर चालताना टकटक आवाज येऊ लागला, की नखे वाढली असे समजावे. वाढलेले नख जमिनीला टेकले की बोट मागे रेटले जाते, पंजा वाकडा पडतो, जनावर लंगडू लागते. आणि आपण म्हणतो, काटा मोडला असेल.

सगळ्यांत वाईट गत अंगठ्याची. पुढच्या पायांना आतल्या बाजूने, जरा वर, पाचवे नख असते. ते जमिनीला लागतच नाही. ते गोल वळत जाते आणि दुर्लक्ष झाले तर मांसात रुतते. मग जखम, पू, आणि माश्या बसल्या तर अळ्यासुद्धा. केसाळ कुत्र्यात हे वरून दिसत नाही, बोटाने चाचपावे लागते. असे रुतलेले नख घरी ओढू नये. जनावरांच्या दवाखान्यातच न्यावे.

एरवीचे काम घरी होते. नखाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. त्याला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे, जिव्हाळी. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. तिच्यापासून दोन मिलिमीटर अलीकडेच कात्री थांबवावी. काळ्या नखात ती दिसत नाही. तिथे तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापावा, कापलेल्या तोंडाकडे पाहावे, मग पुढची कणी. मधोमध काळसर ठिपका दिसू लागला की बस्स. फार वाढलेल्या नखात जिव्हाळीही लांबलेली असते. एकदम आखूड करण्याचा हट्ट नको. आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे कापत गेले, तर ती हळूहळू मागे सरते.

कुत्र्यांसाठी वेगळी नखकात्री मिळते, ती घ्यावी. बोथट अडकित्ता चालवू नये. त्याने नख कापले न जाता चेंगरते. लहान पिल्लाला आपले नेलकटरही पुरते. मात्र पिल्लाला पहिले काही दिवस नुसते खाऊ घालताना पंजे हातात घेण्याची सवय लावावी. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना एवढे जरी शिकवले तरी पुष्कळ झाले. चौघांनी धरून, दाबून एकदा नखे काढली, की ते कुत्रे जन्मभर पंजा देत नाही. दिवसाला एकच नख कापले तरी अठरा दिवसांत काम उरकते. घाई कोणाला आहे?

जिव्हाळीला कात्री लागलीच तर रक्त येते. घाबरू नये. मक्याचे बारीक पीठ किंवा तुरटीची पूड नखाच्या टोकाला लावून, स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे दाबून धरावे. तरी थांबले नाही, तर दवाखाना.

आणि दुखावलेले कुत्रे, घरचे असले तरी, चावू शकते. दात किंवा नख लागून कातडी फुटली, तर तिथे चुना, तिखट काही भरू नये. लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कुत्र्याला लस टोचलेली आहे की नाही, ते तिथे सांगावे. आपल्याला लस घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.