विमानाची वाणी आणि जहाजाची वाणी

मुरगाव बंदरात शिरणारे जहाज आणि दाबोळीच्या धावपट्टीवर उतरू पाहणारे विमान, ही दोन्ही बिनतारी यंत्रावरून जमिनीवरील माणसांशी बोलतात. परंतु त्यांची बोलण्याची रीत निराळी आहे. जहाज एफ. एम. पद्धतीने बोलते, तर विमान ए. एम. पद्धतीने. असे का, हे आपण येथे पाहू.

बिनतारी लहर ही आवाजाचे वाहन होय. आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीअधिक केली म्हणजे ए. एम. पद्धती होते, उंची कायम ठेवून दर सेकंदाची कंपनसंख्या कमीअधिक केली म्हणजे एफ. एम. विजेचा कडकडाट मुख्यत्वे लहरीच्या उंचीवर आघात करतो, म्हणून ए. एम. यंत्रात खरखर ऐकू येते. एफ. एम. यंत्र उंचीतील फरक छाटून टाकते, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाला या पद्धतीची पेटंटे १९३३ साली मिळाली. जहाजांची संकटसमयीची सोळावी वाहिनी, १५६.८ मेगाहर्ट्झ, याच पद्धतीची आहे.

मग ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या विमानांनी जुनी पद्धती का सोडली नाही? जगातील सर्व विमानांची यंत्रे एकदम बदलणे दुर्घट, हे एक कारण. पण दुसरे अधिक मननीय आहे. समजा, दोघे एकाच वेळी बोलू लागले. एफ. एम. यंत्र प्रबळ लहर धरते आणि दुर्बळ लहर दाबून टाकते; दुसरा कोणी बोलला, याची वार्ताही ऐकणाऱ्यास नसते. ए. एम. यंत्रात दोन्ही लहरी मिसळून बहुधा कर्कश शीळ उठते. शब्द हरवतात, पण कोणीतरी बोलले एवढे कळते.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे बेटावर, दाट धुक्यात, दोन प्रचंड विमाने एकाच धावपट्टीवर होती. आपण अजून धावपट्टीवरच आहोत, असे एकाने कळविले. त्याच क्षणी मनोऱ्यावरूनही थांबण्याची सूचना निघाली. दुसऱ्या विमानात मात्र शीळच ऐकू आली आणि ते थांबले नाही. त्या अपघातात ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. कारणे अनेक होती. तथापि हरवलेले ते शब्द त्यांपैकी एक होते.

यंत्र फार तर इशारा देईल. तो ओळखून पुन्हा विचारणे हे माणसाचेच काम. बोलण्यापूर्वी ऐकावे आणि नीट ऐकू न आल्यास निःसंकोच विचारावे, हा नियम वैमानिकाइतकाच आम्हां सर्वांनाही लागू आहे.