चोवीस क्रेडिटांचा हिशेब

अमेरिकेच्या केंद्र सरकारात ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्टच्या पदांना १५१५ हा क्रमांक आहे. मर्यादित माणसे, यंत्रे आणि पैसा यांतून सर्वांत चांगला निर्णय कोणता, हे गणिताने शोधायचे, असे हे काम. लष्कराच्या फोर्ट बेल्व्हॉर इथल्या विश्लेषण केंद्रापासून नागरी खात्यांपर्यंत अशी माणसे लागतात. पण अर्जाची पहिली चाळणी मनुष्यबळ विभागात होते, आणि तिथे आधी पाहिला जातो तो विद्यापीठाचा ट्रान्स्क्रिप्ट.

नियम दोन वाक्यांत मावतो. एक तर ऑपरेशन्स रिसर्चमधली पदवी हवी. नाही तर ऑपरेशन्स रिसर्च, गणित, संभाव्यता, संख्याशास्त्र, गणिती तर्कशास्त्र, विज्ञान किंवा भक्कम गणित लागणारे इतर विषय मिळून किमान २४ सेमिस्टर क्रेडिट्स हवीत आणि त्यांतली किमान ३ कॅल्क्युलसची.

एखाद्या मेकॅनिकल इंजिनिअरचा ट्रान्स्क्रिप्ट घेऊन बेरीज करून पाहावी. कॅल्क्युलसचे चार-चार क्रेडिटांचे दोन कोर्स, म्हणजे ८. डिफरन्शियल इक्वेशन्स ३, झाले ११. लिनियर अल्जिब्रा ३, संभाव्यता आणि संख्याशास्त्र ३, एकूण १७. भौतिकशास्त्राचे चार-चारचे दोन कोर्स मिळवले की २५. ऑपरेशन्स रिसर्चचा एकही कोर्स नाही, तरी गडी पात्र!

अर्थशास्त्रवाल्याची बेरीज इतकी सरळ जात नाही. इकॉनोमेट्रिक्स चालते. मानसशास्त्रातले सायकोमेट्रिक्स चालते, प्रायोगिक मानसशास्त्रही चालते. पण ‘व्यवस्थापनातील संख्यात्मक पद्धती’ असा मोघम मथळा आला, की गाडी अडते. कोर्सचे नाव काहीही असो, तो पार करायला महाविद्यालयीन पातळीचे गणित खरोखर लागत होते का, हा प्रश्न असतो. म्हणून जाणता उमेदवार अशा कोर्सचे विद्यापीठाच्या माहितीपुस्तकातले वर्णन आधीच हाताशी ठेवतो.

इतक्या वेगवेगळ्या विद्याशाखांना दार उघडे का, याचे उत्तर या विद्येच्या जन्मकथेत सापडते. १९४० साली ब्रिटनच्या विमानविरोधी तोफांसाठी भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी जमवलेल्या चमूत शरीरक्रियाशास्त्रज्ञ, गणिती, एक खगोलभौतिकीतज्ज्ञ आणि एक सर्व्हेअरसुद्धा होता. लोक या चमूला ‘ब्लॅकेटची सर्कस’ म्हणत. पुढे पाणबुड्यांवर विमानातून टाकायच्या बॉम्बचा प्रश्न आला. ते १०० फूट खोलीवर फुटायचे. भौतिकशास्त्रज्ञ इव्हान विल्यम्स यांनी दाखवून दिले, की तेवढ्या खोल गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला ठाऊकच नसते. नेम लागतो तो पृष्ठभागाजवळच्या पाणबुडीवर. स्फोटाची खोली टप्प्याटप्प्याने २५ फुटांपर्यंत आणली गेली आणि हल्ले कितीतरी परिणामकारक झाले. बॉम्ब तेच, विमाने तीच.

दार रुंद असले तरी उंबरठा मात्र उंच आहे. वीस वर्षे गोदामे आणि मालवाहतुकीचे वेळापत्रक सांभाळलेला माणूस असो, ट्रान्स्क्रिप्टवर कॅल्क्युलस नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. शेजारच्या १५३० क्रमांकाच्या, म्हणजे संख्याशास्त्रज्ञाच्या पदासाठी शिक्षण आणि अनुभव यांची सांगड चालते. १५१५ साठी ती सोय नाही. असा माणूस मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलसच्या वर्गाला नाव घालू शकतो.

अनुभवाचा उपयोग होतो तो पुढे, ‘जीएस’ ही सरकारी वेतनश्रेणी ठरताना. नुसत्या पदवीवर जीएस-५, पदवीचे गुण उत्तम असतील तर जीएस-७, मास्टर्सवर जीएस-९, पीएचडीवर जीएस-११ अशी साधारण शिडी आहे. त्यावर चढायचे तर खालच्या श्रेणीच्या तोडीचे वर्षभराचे काम दाखवावे लागते. तेही महिना-वर्षासकट आणि आठवड्याला किती तास, या तपशिलाने. ‘विश्लेषण केले’ एवढ्याने भागत नाही. कोणते मॉडेल बांधले, आकडे कुठून घेतले, निर्णय कोणी आणि काय घेतला, हे लिहिणाऱ्याचा अर्ज पुढे सरकतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी उमेदवारांपुढे याहून वेगळे काम असते. या क्षेत्राला मराठी नाव नवे नाही. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली बेल लॅब्जमध्ये लिनियर प्रोग्रॅमिंगची जी पद्धत मांडली, ती ऑप्टिमायझेशनच्या अभ्यासक्रमात आजही शिकवतात. तरी केंद्र सरकारच्या बहुतेक पदांसाठी आधी नागरिकत्व लागते, आणि भारतातली पदवी मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून अमेरिकी क्रेडिटांत मांडून घ्यावी लागते. अडचण येते ती गुणपत्रिकेत. ‘गणित, पेपर २’ एवढेच छापलेले असेल, तर त्यात कॅल्क्युलस किती होते हे परक्याला कसे कळणार? मग पुण्या-नाशकातल्या जुन्या कॉलेजात नातेवाइकांना धाडून, त्या वर्षीचा अभ्यासक्रम शोधून शिक्क्यानिशी मागवून घेणे आले.