जाड अक्षराच्या पोटातली जागा

गेल्या गणपतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फ्लेक्स लागला होता. त्यावर लिहिलं होतं 'भव्य रक्तदान शिबिर', पण रस्त्यापलीकडून वाचलं जायचं 'मव्य'. करणाऱ्यानं साधा फाँट घेतला होता, अक्षरांना चहूबाजूंनी जाड बॉर्डर दिली होती आणि ठळकपणा आणला होता. त्या बॉर्डरनं 'भ'च्या डोक्यावरची फट गिळून टाकली. 'ध' आणि 'घ' यांचंही असंच. शिरोरेषेतली एवढीशी मोकळी जागा आणि तिच्याखालचा आकडा बुजला की 'धन'चा 'घन' होतो. गोलाकार, गुबगुबीत फाँट कसे घडतात हे शोधायला मी लागलो तो या 'मव्य'मुळे.

रोमन लिपीत अशा अक्षराचा प्रसिद्ध नमुना म्हणजे 'कूपर ब्लॅक'. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांनी १९२२ साली बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीसाठी तो केला. कडा गोलावलेल्या, आतली भोकं लहान. जाहिरातदारांनी तो उचलून धरला, आणि १९६६ साली बीच बॉइज या गायकवृंदाच्या 'पेट साउंड्स'च्या वेष्टनावरही तो आला. पण 'ओ'च्या पोटात एक भोक राखणं वेगळं आणि 'ष्ट्य' किंवा 'ङ्क्ष' तगवणं वेगळं. आपल्याकडे अक्षर शिरोरेषेला लटकतं, वर मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार आणि ऋकार. जाडी वाढवायची तर ती तीन मजल्यांत वाढवावी लागते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात तर मजल्यांची उंची ठरलेलीच असायची. अक्षर फुगलं की मात्रेची कुचंबणा.

म्हणून मोठं, ऐटदार अक्षर मराठी माणसाच्या डोळ्यांत भरलं ते बहुतेक हातानं काढलेलं. दुकानाचं शटर, ट्रकची पाठ, नाटकाची जाहिरात. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकागणिक वेगळं वळण शोधलं आणि वर्तमानपत्रातली ती चौकट लोक नाटकाइतक्याच आवडीनं पाहू लागले. पेंटरला एक सवलत असते: समोरच्या पाटीवरची पाचसात अक्षरं सुटली की काम झालं. 'क्ष' आडवा आलाच नाही तर त्याची फिकीर नाही. फाँट करणाऱ्याला ही सूट नाही. युनिकोडच्या मूळ देवनागरी तक्त्यात जागा १२८. जोडाक्षरांना त्यात स्वतंत्र घरं नाहीत. व्यंजन, हलन्त, व्यंजन अशा क्रमावरून फाँटनं त्यांचे आकार पुरवायचे असतात, आणि ते एकेक करून कुणीतरी काढलेले असावे लागतात. कोण कधी काय टाइप करील, सांगता येत नाही.

मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं हे आव्हान टोकाला नेलं ते 'मोदक'मध्ये. देवनागरी सारंग कुलकर्णी यांची, रोमन मैथिली शिंगरे यांची. देवनागरीत जास्तीत जास्त जाड अक्षर किती करता येईल, असा हा प्रयोग. पडद्यावर मोठं करून पाहिलं की त्याची गंमत उलगडते. अक्षराच्या पोटातली जागा इतकी आक्रसली आहे की उरते फक्त पांढरी, केसाएवढी रेघ, आणि वाचायचं तिच्याच आधारानं. 'प' आणि पोटफोड्या 'ष' यांच्यात फरक एका तिरक्या काडीचा; ती काडी दाखवायची तर दोन्ही बाजूंना पांढरं ठेवायलाच हवं. मग जाडी सगळीकडे सारखी ठेवून कसं चालेल? सुटसुटीत अक्षराला भरपूर मांस, गुंतागुंतीच्या जोडाक्षराला कमी, पण ओळीत नजरेला वजन एकच. स्वरचिन्हंसुद्धा जोडाक्षर पाहून आपला आकार बदलतात. ही नजर मला फार मोलाची वाटते.

त्याच गटाचा 'बालू' रोजच्या वापराला अधिक सोयीचा. जंगल बुकातल्या अस्वलाचं नाव, तसाच ऐसपैस आणि मऊ. भारतीय लिप्यांमध्ये तो पसरला तेव्हा प्रत्येक भावंडाला तिथल्या भाषेतलं नातं मिळालं: गुजरातीत बालू भाई, बंगालीत दा, पंजाबीत पाजी, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन, उर्दूत भाईजान. एकाच पाटीवर तीन लिप्या आल्या तरी त्या एका घरातल्या वाटाव्यात, हा त्यामागचा विचार. पुढे 'बालू २'मध्ये एकाऐवजी पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पाच पायऱ्या, आली. 'मोदक' आणि 'बालू' दोन्ही फाँट मुक्त परवान्याचे, म्हणजे मंडळाच्या कार्यकर्त्यालाही फुकट.

जागा मात्र ओळखायला हवी. बालवाडीचा फलक, गोष्टीच्या पुस्तकाचं नाव, चिवड्याचं पाकीट इथे ही अक्षरं खुलतात. त्यांत परिच्छेद लावला की पान काळवंडतं. आणि ओळ बसत नाही म्हणून ती आडवी ताणली, तर नीट तोललेली ती पांढरी रेघ कुठे फाकते, कुठे चिमटते.

मागच्या महिन्यात फ्लेक्स करणाऱ्या त्या मुलाकडे जाऊन बसलो. 'भव्य' आधी त्याच्या पद्धतीनं, मग खाली 'बालू २'च्या सर्वांत जाड वजनात लावलं. दुसऱ्या ओळीत फट शाबूत होती. तो काही बोलला नाही. त्यानं खाली 'धान्यवाटप' टाइप केलं, खुर्ची सरकवून उठला आणि दारापर्यंत मागे जाऊन वाचून पाहिलं.